माझ्या हातून नासलेलं दूध

आमच्या घरात कपबशी फुटली तर कुणी मान वर करून बघत नसे. भाकरी करपली तर कुत्र्याला जायची आणि विषय संपायचा. दूध नासलं की मात्र घर गप्प व्हायचं. दुभत्याचं घर आमचं, तिसगावच्या अलीकडे रस्ता सोडून आत वस्ती, गोठ्यात चार म्हशी आणि एक गाय. माझ्या सासूबाई म्हणायच्या की ज्या बाईच्या हातून दूध नासतं तिच्या हाताला बरकत नसते. आणि नासलेलं दूध मोरीत ओतायचं नाही, वाटेवर टाकायचं नाही, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी झाडाच्या मुळाशी ओतायचं. आमच्याकडे ती जागा म्हणजे घरामागचं सीताफळ. मी अंगणवाडीत बावीस वर्षं नोकरी केली, बायकांना नाही नाही ते समजावून सांगितलं, पण ह्या एका बाबतीत माझं डोकं कधी चाललं नाही. हात आपोआप चालले. मी जो घोळ घातला तो असाच घातला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझा मुलगा आणि सून पुण्याहून इकडे राहायला आले. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याचं निमित्त. मुलाचं काम कॉम्प्युटरवरचं, ते घरातून चालतं. सुनेचं तसं नव्हतं. ती पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथं ती सोडून सगळे पुरुष. विदेशी पदार्थ करायची. ते सोडून ती माझ्या ओट्यावर पाय हलवत बसायला आली होती.

आता खरं सांगायचं तर बसायला मीच लावलं. ती विळी घ्यायला गेली की मी म्हणायची, "राहू दे गं, मी करते." कणीक मळायला गेली की, "राहू दे गं." मला वाटायचं मी लाड करतेय. एके दिवशी दुपारी भिंतीपलीकडून मी ऐकलं, ती मुलाला म्हणत होती, "मला इथं काही कामच नाही. आईंना माझा हात लागलेला चालत नाही." तो म्हणाला, "डिसेंबरपर्यंत बघू. नाही जमलं तर जाऊ परत." मी तशीच मागे फिरले. पोरगा परत आलाय म्हणून गावभर सांगत सुटले होते मी, आणि तो जाणार होता, तेही माझ्या 'राहू दे गं'मुळे. मला रात्रभर झोप नाही.

पुढच्याच आठवड्यात सुनेला एक फोन आला. नगरला एका बाईंनी कॉफीचं दुकान काढलं होतं. त्यांना इटलीकडचा एक पदार्थ ठेवायचा होता, भाजलेल्या पावावर ताजं चीज. ते चीज पुण्याहून बर्फात यायचं आणि येईपर्यंत आंबायचं. सुनेच्या जुन्या ओळखीतून त्यांना कळलं होतं की ही म्हशींच्या घरात जाऊन पडलीय. त्या म्हणाल्या, मंगळवारी चार वाजता करून आणा, खाऊन बघते. आणखी एक जण आणणार आहे, त्याच दिवशी काय ते ठरवते. म्हणजे मंगळवार चुकला की संपलं.

त्या तीन दिवसांत मी माझी सून पहिल्यांदा पाहिली असं म्हटलं तरी चालेल. तिच्या अंगात वारं भरलं. तिसगावच्या बेकरीत जाऊन तिनं लांबट पाव करून घेतला, साखर न घालता. बेकरीवाला म्हणाला, "साखर न्हाई, तूप न्हाई, मग ह्याला पाव तरी कशाला म्हनायचं?" पण त्यानं करून दिला. तिकडचं तेल महाग, म्हणून हिनं आमच्या घाण्याचं करडईचं तेल बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, चालेल, उलट बरं आहे. तिकडे पावावर कसलीशी तुळशीसारखी पानं घालतात, ती कुठून आणायची? तर आमच्या हौदाकडेला सब्जा माजलेला होता. तिनं पान चुरगाळून वास घेतला आणि हसली. मी आमच्या घरात तिला मोठ्यानं हसताना तोवर ऐकलं नव्हतं. टोमॅटो शेतातले, लसूण घरचा. राहिलं चीज. सोमवारी संध्याकाळी तिनं माझ्याकडे चक्क्याचं फडकं मागितलं. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे दही टांगायचं. विचारलं नाही. विचारायचं तर मला कधीच सुचत नाही.

मंगळवारी सकाळचं दूध डेअरीला गेलं, त्यातलं चार लिटर सुनेनं ठेवून घेतलं. अकराच्या सुमाराला मी शेतातून कोथिंबीर घेऊन आले. सून कुठं दिसेना. मुलगा त्याच्या खोलीत कानाला यंत्र लावून बोलत बसलेला. हे पुढच्या खोलीत खाटेवर पाय लांब करून. स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं, खाली गॅस बंद, वर झाकण. मी सवयीनं झाकण उचललं.

दूध नासलेलं. चार लिटर. खाली पिवळट पाणी, वर गुठळ्या.

मी झाकण परत टाकलं. आणि लगेच मला छत्तीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. नवी नवरी होते मी, लग्नाला तीन महिने झालेले. दुसऱ्या दिवशी घरात सत्यनारायण, त्याच्या प्रसादाचं दूध तापवायला मला दिलेलं. तापता तापता ते फाटलं. मी पातेल्यासमोर उभी, हातात सांडशी, आणि सासूबाई ओट्यावरून आत येताना दिसताहेत. मला वाटलं, आता ह्या मला माहेरी धाडणार. तेवढ्यात दारातून थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, पुढं आल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, माज्या हातनं नासलं." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. अक्कांनी मात्र माझ्या हाताला धरून मला मागे सीताफळाशी नेलं, दोघींनी मिळून पातेलं ओतलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं. त्या बाईनं माझ्यासाठी बोल खाल्ला. ते मी जन्मभर मनात ठेवलं होतं.

आता माझी पाळी आली, असं मला वाटलं. बिचारी पोर, आजच तिचा दिवस आणि आजच दूध फाटलं. घाबरून कुठं तरी जाऊन बसली असेल. हे आत आले तर? ह्यांचा स्वभाव थेट त्यांच्या आईवर गेलाय. मी पातेलं उचललं, मागच्या दारानं गेले, सीताफळाच्या मुळाशी सगळं ओतलं, वर माती ओढली. पातेलं घासलं, पुसलं, पालथं घातलं. हे विचारतील तेव्हा काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं, माझ्या हातून नासलं म्हणायचं. मी इतकी खूश होते स्वतःवर की काय सांगू. अक्कांचं ऋण फेडल्याचं सुख अंगभर पसरलं होतं.

सून माळवदावरून खाली आली. स्वयंपाकघरात मोबाईलला रेंज नसते, ती नगरच्या बाईंचा फोन घ्यायला वर गेली होती. हातात सब्जाच्या पानांची जुडी. तिनं गॅसकडे पाहिलं, मग पालथ्या पातेल्याकडे.

"आई, पातेलं?"

"काळजी करू नकोस," मी हळू आवाजात म्हणाले. "मी सगळं निस्तरलंय. कुणाला कळायचं नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. जुडी गॅसशेजारी ठेवली आणि ती सरळ खोलीत गेली. मला वाटलं, भारावली.

पाच मिनिटांनी मुलगा बाहेर आला. "आई, तुला पटत नव्हतं तर आधी सांगायचंस ना. तिचं चीज ओतून द्यायचं? आजच्या दिवशी?"

"कसलं चीज?" मी म्हणाले. "दूध नासलं होतं."

"ते नासवलेलंच असतं, आई!"

आता मी काय करायला हवं होतं? माफी मागायला हवी होती. मी भडकले. माझा स्वभावच तसला. "मी तुमच्या भल्यासाठी केलं आणि माझ्यावरच उलटता होय रे? सांगायला काय झालं होतं? मला काय स्वप्न पडतं?" असं बरंच बोलले. पुढच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही, झोपा तुम्ही." आणि बोलता बोलता मला टीव्हीवर पाहिलेलं पनीर आठवलं. पनीर कसं करतात ते मला चांगलं माहीत होतं की. दूध तापवायचं, लिंबू पिळायचं, फाडायचं, फडक्यात गाळायचं. फडकं तर मीच दिलं होतं.

मी सुनेच्या खोलीच्या दारात गेले. ती बॅगेशी बसली होती. बॅग भरत नव्हती, नुसती चेन उघडत होती आणि लावत होती. मी खाली तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सत्यनारायण, सांडशी, अक्का, सीताफळ, सगळं. "मला वाटलं तुला बोल लागेल. माझ्यासाठी कुणी केलं होतं, म्हणून मी तुझ्यासाठी केलं. चुकलं माझं."

तिनं चेन लावली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माझं सगळंच नको आहे."

"अगं, तू इथं राहावीस म्हणून माझा जीव तुटतोय," मी म्हणाले. इतकं सरळ मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. ती रडली, मीही रडले, आणि मुलगा दारात उभा राहून घड्याळाकडे बघत होता. त्याचं बरोबर होतं. साडेअकरा झाले होते. दोनला निघायला हवं होतं आणि घरात थेंबभर दूध नव्हतं. म्हशी संध्याकाळशिवाय पान्हवणार नाहीत. तिसगावात पिशवीचं दूध मिळतं, पण सून म्हणाली त्याला ती चव येत नाही, बाईंना पहिल्या घासाला कळेल.

अशा वेळी वस्तीवर दूध असणारं एकच घर. अक्का सकाळचं दूध डेअरीला घालत नाहीत, तुपासाठी ठेवतात.

आणि अक्कांशी माझं सहा वर्षं धड बोलणं नव्हतं. वाटणी झाली तेव्हा जमिनीवरून कुणी भांडलं नाही, आम्ही दोघी जावा भांडलो पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावरून. त्यांना हवा होता, मलाही हवा होता. मी बोलून गेले, "एवढा जीव असेल तांब्यावर तर गळ्यात बांधून घ्या." त्यांनी बंब उचलला आणि गेल्या. आज दोन्ही घरांवर सोलर आहे आणि तो बंब त्यांच्या गोठ्यात कडब्यामागे पडलाय. लग्नकार्यात हळदीकुंकवापुरतं बोलायचो आम्ही. ज्या बाईनं मला वाचवलं तिलाच मी असं बोलले, हे मला सहा वर्षं टोचत होतं, पण दोन घरांमधली ती पन्नास पावलं माझ्यानं चालवली नाहीत. त्या दिवशी मात्र मी रिकामी कॅन घेऊन गेले.

अक्का दारात पावटा सोलत बसल्या होत्या. माझ्या हातातली कॅन त्यांनी आधी बघितली, मग मला.

"अक्का, दूध हाय का? चार लिटर."

"पाव्हनं आल्यात व्हय?"

"न्हाई," मी म्हणाले. "नासवायचंय."

त्यांचा हात शेंगेवर तसाच थांबला. "डोकं ठिकानावर हाय का तुजं?"

मी सांगितलं. ओतलं ते सांगितलं, का ओतलं तेवढं मात्र सांगवलं नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि जाड सायीचं पातेलंच कमरेवर घेऊन बाहेर आल्या. मी हात पुढं केला.

"तुज्या हातात देत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू आज एकदा वतलंयस. मीच येती."

सहा वर्षांनी त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या. फळीकडे बघून म्हणाल्या, "डबं हलवलंस व्हय." एवढंच. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि सून कामाला लागली.

तिनं साय काढली नाही, ती दुधातच मोडली. मंद आचेवर दूध तापवलं, मधूनमधून बोट लावून बघत होती. कडेनं बुडबुडे दिसायला लागले तसा गॅस बंद केला आणि लिंबाचा रस थेंब थेंब सोडला. दूध फाटायला लागलं तशी अक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मीही फिरवलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला भ्यायलो ती डोळ्यांदेखत करून घ्यायची म्हणजे सोपं नाही. सुनेनं झाकण ठेवलं आणि म्हणाली, "आता दहा मिनिटं हात लावायचा नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, पण ओठ दाबून धरले होते तिनं. अक्कांनी चौरंग ओढला आणि पातेल्यासमोर पहाऱ्याला बसल्या.

फडक्यात गाळलं, टांगलं, पाणी निथळलं. पांढरंशुभ्र, मऊ, चमच्यानं घेतलं तर थरथरणारं. मग सुनेनं मिठाची बरणी उघडली आणि अक्कांनी तिचं मनगट धरलं.

"दुधात मीठ? म्हस आटंल माजी."

मला वाटलं, आता ही पुण्याची पोर हसणार आणि सगळं बिनसणार. ती हसली नाही. हात तसाच ठेवून म्हणाली, "मग काय करू, अक्का? तुमची म्हैस आहे. तुम्ही सांगाल तसं."

अक्कांनी फडक्यात वाकून पाहिलं. बोटानं दाबून पाहिलं. विचार केला. "हे आता दूध ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या. "घाल."

सुनेनं आम्हाला नमुना करून दाखवला. पावाच्या जाड चकत्या, त्यांना करडईचं तेल, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत भाजल्या. गरम गरम चकतीवर सोललेला लसूण किसणीवर घासावा तसा घासला. त्याच्यावर चीज, टोमॅटोच्या बारीक फोडी, मीठ, सब्जाची दोन पानं, वरून पुन्हा तेलाची धार. झालं. मी म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी मी पोरीचं आयुष्य सीताफळाला घातलं होतं?

अक्कांनी कडा मोडून मधला मऊ भाग तोंडात टाकला. दात थोडे उरलेत त्यांचे. बराच वेळ चघळलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय.

"लसनाचा पाव हाय," त्या म्हणाल्या. "वाईट न्हाई." मग ताटली पुढं केली. "अजून येक दे."

एक ह्यांनाही नेऊन दिला. दोन घासांत संपवून ह्यांनी विचारलं, "चक्का का गं हा?" मी म्हणाले, "चक्काच समजा." दुधाची हकीकत ह्यांना कुणी सांगितली नाही.

दोनला पोरं मोटारसायकलवर निघाली. सुनेनं मांडीवर डबा असा धरला होता की जणू कुणी हिसकावून घेईल. मी फाटकापर्यंत गेले. अक्का घरी जातील असं मला वाटलं, पण त्या आमच्या ओट्यावर बसून राहिल्या. पावटा मागवून घेतला त्यांनी, आणि आम्ही दोघी सोलत बसलो. तीन वाजले. चार वाजले. सव्वाचार झाले. फोन नाही. दुसऱ्या कुणाचं चीज चांगलं निघालं असेल, बाईंना करडईचा वास आवडला नसेल, वाटेत डबा सांडला असेल. डिसेंबर संपायला दहा दिवस होते.

त्या धाकधुकीतच माझ्या तोंडून निघून गेलं. "अक्का, त्या सत्यनारायणाच्या वेळी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी कधी म्हणाले नाही, पण मी विसरले नाही. मी त्याचीच भरपाई करायला गेले आज. आणि बंबावरून जे बोलले ते..."

अक्का शेंग सोलतच होत्या. "कोनतं खोटं?"

"दूध नासलं ते. तुमच्या हातून म्हणालात."

"माज्याच हातनं नासलं हुतं की," त्या म्हणाल्या.

"सकाळचं उरल्यालं दूध मीच वतलं हुतं त्या पातेल्यात. घाईत वास बी बगितला न्हाई. तू तापवायला ठिवलंस आन ते फाटलं. मी खरं तेच बोलली."

छत्तीस वर्षं. छत्तीस वर्षं मी ज्या उपकाराखाली होते तो उपकार नव्हताच. मला हसावं की रडावं कळेना. राग आला, कुणाचा ते कळेना. मी म्हणाले, "मग मला हाताला धरून सीताफळाशी का नेलंत? तोंड का पुसलंत?"

"तू रडत हुतीस," अक्का म्हणाल्या. "आपल्यापायी पोर रडती म्हनल्यावर काय करायचं?"

मी पदरानं डोळे पुसले. खरं खोटं जाऊ दे, त्या ओल्या पदराचा स्पर्श माझ्या तोंडावर अजून होता, आणि तो तर खरा होता. अक्का म्हणाल्या, "येवढी वर्सं मनात धरून बसलीस. बोलायचं हुतंस की येकदा." मग थोड्या वेळानं, "बंब आणून ठिवती उद्या." मी म्हणाले, "नको, मला कशाला?" तर म्हणाल्या, "मलाबी नको. लई जागा खातोय." सहा वर्षांचं आमचं भांडण असं मिटलं.

पाचला फोन वाजला. मला फोन उचलवेना, अक्कांनीच उचलून माझ्या कानाला लावला. सून बोलत होती. बाईंनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागितला, मग आतून दोघांना बोलावून खायला लावलं. शुक्रवारी आणा म्हणाल्या, आणि मग दर मंगळवारी, शुक्रवारी. "आई, ऐकताय ना?" मी म्हणाले, "बोल, बोल." मग ती म्हणाली, "आणि अक्कांना सांगा, दूध त्यांचंच पाहिजे. साय न काढलेलं." अक्कांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्या चारही म्हशींची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी अक्का पातेलं घेऊन आल्या. सून मला म्हणाली, "आज तुम्ही करा, मी सांगते." मी 'राहू दे' म्हणणार होते, जिभेवर आलेलं गिळलं. दूध तापवलं, गॅस बंद केला. लिंबू पिळलं. दूध फाटायला लागलं. ह्या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

आणि नेमके तेव्हाच हे काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले. महिन्याभरात पहिल्यांदा इतकं चालले होते. त्यांनी पातेल्यात पाहिलं, माझ्या हातातलं लिंबू काही त्यांना दिसलं नाही. थेट आईसारखा चेहरा झाला त्यांचा.

"दूध नासलं?" ते म्हणाले. "कुणाच्या हातून?"

मी तोंड उघडणार तोच माझ्या मागून सून पुढं आली. "पप्पा, माझ्या हातून नासलं."

अक्का चौरंगावर बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. हे काही न समजून एकेकीकडे बघत उभे. मी लिंबाचा चिकट हात तसाच सुनेच्या पाठीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, तिथल्या तिथं तिला म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं आहे गं बाई." ह्या वेळी मी छत्तीस वर्षं थांबले नाही.